नुसतं ‘सांभाळून घे’ म्हणून भागत नाही

गेल्या वर्षी जवळजवळ दोन महिने माझा नवरा रोज संध्याकाळी आतल्या खोलीत जायचा, दार लावून घ्यायचा आणि पाऊण तासाने बाहेर यायचा. बाहेर आला की सरळ बेसिनपाशी, तोंडावर पाणी मारायचं, टॉवेल चेहऱ्यावर तसाच धरून थोडा वेळ उभं राहायचं, मग येऊन बसायचं आणि कुणाशी काही बोलायचं नाही. एक दिवस मी दाराला कान लावला. आतून त्याचाच आवाज येत होता, एकसुरी, अडखळत, आणि मला वाटलं हा कुणाशी तरी फोनवर बोलतोय, जे मला चार वर्षांत एकदाही सांगितलं नाही ते दुसऱ्या कुणाला तरी सांगतोय. मग तो आत खोकला. पण बोलणारा आवाज काही थांबला नाही, खोकला वेगळा आणि आवाज वेगळा, तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे रेकॉर्डिंग आहे आणि हा स्वतःलाच ऐकतोय.

तो त्याचा होमवर्क होता. थेरपीच्या चार वर्षं आधी त्याच्या गाडीचा अपघात झाला, शेजारच्या सीटवरचा त्याचा सहकारी जागीच गेला, हा वाचला. त्यानंतर पीटीएसडीचं, म्हणजे मोठ्या आघातानंतर जडणाऱ्या मानसिक आजाराचं, निदान व्हायलाच तीन वर्षं गेली आणि शेवटी जी थेरपी सुरू झाली तिचं नाव प्रोलाँग्ड एक्सपोजर. एडना फोआ नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ती विकसित केली, साधारण ८ ते १५ सेशन असतात, एकेक सेशन दीड तासापर्यंत चालतं, आणि त्यात माणसाने डोळे मिटून तो प्रसंग आत्ता घडतोय असा पुन्हा पुन्हा सांगायचा असतो, त्याचं रेकॉर्डिंग करायचं आणि घरी रोज ऐकायचं. ऐकायला क्रूर वाटतं पण त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. ज्या आठवणीपासून आपण पळत राहतो ती कधी जुनी होतच नाही, मेंदूला कळायला वावच मिळत नाही की ते होऊन गेलंय आणि आता आपण सुरक्षित आहोत. सुरक्षित जागी बसून पुन्हा पुन्हा तिच्याकडे बघितलं की हळूहळू तिची धार जाते.

हे सगळं मी नंतर वाचून काढलं. तेव्हा मला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्याला बोलायची ताकद नव्हती, आणि जिथे तो जायचा तिथे मी दर आठवड्याला बाहेरच्या खुर्चीत बसून असायचे, पण मला आत बोलावून पाच मिनिटं कुणी सांगितलं नाही की बाई, पुढचे काही आठवडे घरात हे असं असं होईल. मी एकदा विचारलं तर उत्तर मिळालं, ते गोपनीय असतं. बरोबर आहे, असतंच, पण मी काय विचारत होते हे तरी ऐकून घ्यायचं.

आता मुद्दा. ट्रॉमाची थेरपी एका माणसाची होते, बदल मात्र त्याच्याबरोबर राहणाऱ्या प्रत्येकाच्या दिवसात होतो, आणि तरीही बहुतेक ठिकाणी जवळच्या माणसाला उपचाराच्या बाहेर ठेवतात. मला हे चुकीचं वाटतं. माणसाची संमती असेल आणि घरात धोका नसेल तर जवळच्या एका व्यक्तीला सुरुवातीलाच बोलावून माहिती देणं हा उपचाराचाच भाग असायला हवा, एखाद्या थेरपिस्टला सुचलं तर करेल अशी ती मेहेरबानी असू नये.

जरा आजाराकडेच बघा ना. पीटीएसडी म्हटलं की लोकांना वाईट स्वप्नं, दचकणं, डोळ्यांसमोर प्रसंग येणं एवढंच आठवतं. पण हे निदान १९८० मध्ये डीएसएममध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणात आलं आणि २०१३ च्या आवृत्तीत त्याची जी लक्षणं आहेत ती वाचली तर त्यात आपण लोकांपासून तुटलोय असं वाटणं आहे, प्रेम आनंद अशा भावना जाणवेनाशा होणं आहे, चिडचिड आहे, कुणावर विश्वास ठेवता येत नाही असा ठाम समज होणं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, आयसीडी-११ मध्ये तर कॉम्प्लेक्स पीटीएसडी असं वेगळंच निदान आहे, जे बऱ्याचदा लहानपणापासून किंवा दीर्घकाळ अत्याचार सोसलेल्यांमध्ये दिसतं, आणि नाती टिकवता न येणं, कुणाशी जवळीक न वाटणं हे त्याच्या मुख्य लक्षणांतच धरलंय. म्हणजे निदान करताना नातं मोजायचं आणि उपचार करताना नात्याला दाराबाहेर बसवायचं, हे कसं काय?

आणि ही काही मूठभर लोकांची गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या ३.९ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी पीटीएसडी झालेला असतो. त्या प्रत्येकाच्या मागे कुणीतरी आई, बायको, नवरा, भाऊ, मैत्रीण आहे जिला कुणीतरी सांगितलंय की सांभाळून घे.

या ‘सांभाळून घे’बद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय कारण सगळी गोम तिथेच आहे.

अपघातानंतर नवऱ्याने गाडी चालवणं बंद केलं, मग मी चालवायला लागले. हायवे आला की त्याचा श्वास भरून यायचा म्हणून मी आतल्या रस्त्याने जायला लागले, वीस मिनिटांच्या जागी पाऊण तास. रात्री फोन वाजला की तो उडायचा म्हणून फोन सायलेंट. टीव्हीवर बातम्या लागल्या की रिमोट माझ्या हातात, अपघाताचं चित्र दिसायच्या आत चॅनल बदललेला असायचा. कुणी बोलावलं तर जाणार नाही म्हणून मीच कारणं सांगायची, बरं नाहीये, काम आहे, आणि हळूहळू बोलावणीच बंद झाली. मुलांना सांगितलं होतं की बाबांना मागून हाक मारायची नाही, समोर येऊन बोलायचं. हे एकेक करताना मला कधी वाटलं नाही की मी काही चुकीचं करतेय, उलट सगळे म्हणायचे किती सांभाळून घेते, आणि मलाही त्याचा आधार वाटायचा, कारण त्याला बरं करणं माझ्या हातात नव्हतं पण त्याला त्रास होऊ न देणं होतं.

पुढे कळलं की याला संशोधनात नाव आहे, ते मोजायची प्रश्नावलीसुद्धा आहे. प्रेमापोटीच केलेलं असतं, पण टाळणं हे या आजाराचं खाद्य आहे आणि मी ते त्याला रोज पुरवत होते. त्याला कधी कळलंच नाही की हायवेवरून गेलं तरी काही होत नाही, कारण मी त्याला हायवे लागूच दिला नाही. हे कळलं त्या रात्री मी खूप रडले, कारण चार वर्षं मी जिवाचं रान केलं होतं आणि कुणीतरी एका वाक्यात सांगितलं की त्यातलं बरंचसं उलट जात होतं. यात दोष कुणाचा नाही, माझाही नाही. पण पहिल्याच महिन्यात कुणी सांगितलं असतं तर?

मग थेरपी सुरू झाली आणि माझ्या या सगळ्या व्यवस्थेवरच घाला आला. एका रविवारी तो किल्ली घेऊन खाली गेला आणि बंद गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर वीस मिनिटं बसून आला. पुढच्या आठवड्यात गाडी सुरू करून, मग गल्लीच्या टोकापर्यंत. थेरपिस्टबरोबर त्याने पायऱ्या ठरवल्या होत्या, सोप्यापासून अवघडापर्यंत, आणि प्रत्येक पायरीवर भीती ओसरेपर्यंत थांबायचं. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला, खरं सांगते, राग आला आणि भीती वाटली आणि आणखी काहीतरी होतं ज्याला मला नीट नाव देता येत नाही, चार वर्षांची माझी नोकरी कुणी न विचारता काढून घेतली असं काहीसं. मी म्हणाले मी चालवते ना, कशाला जिवाला त्रास, तर तो म्हणाला तू मध्ये पडू नकोस. त्याला थेरपीने सांगितलं होतं की मदत घेऊन ही पायरी करायची नाही आणि मला वाटलं मी नकोशी झाले. त्या महिन्यात आम्ही जितके भांडलो तितके अपघातानंतर कधी भांडलो नव्हतो.

अशा वेळी घरातलं माणूस काय म्हणतं? म्हणतं सोड ती थेरपी, आधी बरा होतास. मीही म्हणाले. आणि मला वाटतं किती तरी लोक याच टप्प्यावर अर्ध्यातून थेरपी सोडत असतील, घरातून रेटा आला म्हणून, आणि रेटा देणारं माणूस मनापासून प्रेमच करत असतं.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. पीटीएसडीत जी बधिरता असते, माणूस समोर बसलेला असतो पण आत कुणी नसतं तसं, ती नात्यांना सगळ्यात जास्त पोखरते, दचकण्यापेक्षा आणि वाईट स्वप्नांपेक्षाही जास्त, हे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या जोडप्यांवर झालेल्या अभ्यासांतही दिसलंय. साहजिकच आपण वाट बघत असतो की थेरपीने ही बधिरता जाईल आणि आपलं माणूस परत मिळेल. पण बधिरता जाते तेव्हा पहिलं प्रेमच बाहेर येईल असं कुठे आहे, पायाला मुंग्या आल्या की रक्त परत यायला लागल्यावर आधी कळच येते. आमच्याकडे आधी दुःख आलं. सहकारी गेला त्याचं दुःख, चार वर्षांनी, एखाद्या रविवारी दुपारी अचानक. त्यानंतर राग. माझ्यावर राग, की तू मला लहान मुलासारखं वागवलंस. प्रेम आलं पण सावकाश, सगळ्यांच्या मागून.

माझ्या एका मैत्रिणीचं याहून वेगळं झालं. तिच्यावर लहानपणी घरातल्याच एका माणसाने अत्याचार केले होते. तिची थेरपी म्हणजे कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, पॅट्रिशिया रेझिक यांनी मांडलेली, साधारण १२ सेशनची. त्यात प्रसंगापेक्षा त्या प्रसंगामुळे मनात जे पक्के समज बसतात त्यावर काम होतं, म्हणजे चूक माझीच होती, कुणावर विश्वास टाकायचा नाही, नाही म्हटलं तर लोक सोडून जातात, असे. आणि शेवटच्या काही सेशनमध्ये जे पाच विषय घेतात ते आहेत सुरक्षितता, विश्वास, सत्ता आणि नियंत्रण, स्वतःबद्दलचा आणि इतरांबद्दलचा आदर आणि जवळीक. या पाचातला कुठला विषय असा आहे जो एकट्याने खोलीत बसून सुटेल? ती थेरपीत नाही म्हणायला शिकली आणि तिने नाही म्हणायला सुरुवात कुठे केली, तर घरात. आईला, नवऱ्याला. काही महिने तिला अंगाला हात लावलेला नको होता आणि तिने ते आयुष्यात पहिल्यांदा तोंडाने सांगितलं. नवऱ्याने त्याचा अर्थ लावला की हिचं माझ्यावर प्रेम उरलं नाही. आई म्हणाली थेरपीने पोरीला बिघडवलं.

त्या नवऱ्याला कुणी समजावलं असतं की हे ‘नको’ म्हणता येणं हीच तिची सुधारणा आहे, आधीचं ‘चालेल’ हे चालेल नव्हतंच, ती फक्त सोसत होती, तर कदाचित त्याने ते वेगळं घेतलं असतं. कदाचित नसतंही घेतलं. ते आता वेगळे राहतात आणि ती म्हणते मी बरी आहे. मला वाटतं हेही मान्य करायला हवं की काही नाती माणसाच्या आजारपणावरच उभी असतात आणि माणूस बरा झाला की ती तुटतात, त्याला थेरपीचं अपयश म्हणू नये. नातं टिकलं की थेरपी यशस्वी आणि मोडलं की फसली असा हिशोब कुणी करत असेल तर तो ज्याने सोसलंय त्याच्यावर अन्याय आहे.

आता यावर जो आक्षेप येतो तो मला पूर्ण पटतो म्हणून नीट बघू या. थेरपीची खोली ही त्या माणसाची एकट्याची जागा असते, तीच एक जागा जिथे त्याला कुणाचं मन सांभाळायचं नसतं, तिथे बायको नवरा आई येऊन बसले तर तो काय बोलणार? आणि दुसरं, बऱ्याचदा ज्याने जखम दिली तो माणूस घरातच असतो. माझ्या मैत्रिणीच्या आईला आत बोलावलं असतं तर अनर्थ झाला असता.

म्हणूनच मी काय म्हणते, आत काय बोललं गेलं ते सांगू नका, काय चाललंय ते सांगा. माझ्या नवऱ्याने त्या रेकॉर्डिंगमध्ये काय सांगितलं ते मला आजही माहीत नाही आणि मला ते जाणून घ्यायचा हक्क आहे असं मला वाटत नाही. पण तो रेकॉर्डिंग ऐकतोय, हा होमवर्क आहे, सुरुवातीला काही दिवस त्रास वाढल्यासारखा वाटू शकतो, हे सांगण्यात कुठली गोपनीयता मोडते? कुणाला बोलवायचं हे त्यानेच ठरवायचं. थेरपिस्टने आधी त्याला एकट्याला विचारायचं की घरी कुणाची भीती वाटते का, आणि उत्तर हो असेल किंवा तो अडखळला तरी विषय तिथेच बंद. नवरा किंवा बायकोच असली पाहिजे असंही नाही, बहीण असेल, जुना मित्र असेल. कुणालाच नको म्हणाला तर कुणालाच नको.

यापुढे जाऊन दोघांना एकत्र घेऊन करायची थेरपीसुद्धा आहे. कँडिस मॉन्सन आणि स्टेफनी फ्रेडमन यांनी पीटीएसडीसाठी १५ सेशनची जोडप्यांची थेरपी तयार केली, ज्यात दोघं मिळून टाळलेल्या जागी जातात, एकमेकांशी बोलायला शिकतात आणि त्या पक्क्या समजांवर एकत्र काम करतात. २०१२ मध्ये त्याची ४० जोडप्यांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. नुसती वाट बघत असलेल्या जोडप्यांच्या तुलनेत थेरपी घेतलेल्यांच्या पीटीएसडीची तीव्रता कमी झाली आणि ज्यांना पीटीएसडी होता त्यांचं नात्यातलं समाधानही वाढलं. चाळीस जोडपी म्हणजे फार नाहीत, आणि काहीच उपचार न मिळालेल्यांशी तुलना आहे, त्यामुळे हीच सगळ्यांना द्या असं मी म्हणणार नाही. पण जोडीदार आत आला की उपचार बिघडतो ही भीती त्यातून खरी ठरली नाही. फक्त जिथे गंभीर मारहाण आहे तिथे ही थेरपी नाही, तिथे आधी जीव सुरक्षित करायचा.

मारहाणीवरून आठवलं म्हणून सांगते, निदान हे कारण असतं, परवाना नसतो. पीटीएसडी आहे म्हणून हात उचलला हे सांभाळून घ्यायचं नाही. आणि थेरपीतले शब्दही जपून वापरायला हवेत, प्रत्येक भांडणात ‘तू मला ट्रिगर करतेस’, म्हणजे ती जुनी भीती जागी करतेस, असं म्हणून माझं तोंड बंद करायचं हे आमच्याकडेही काही दिवस चाललं. एकदा मी त्याला शांतपणे म्हटलं की ट्रिगर झालास तर सांग, मी थांबते, पण अर्ध्या तासाने आपण हाच विषय पुन्हा काढायचा. तेव्हापासून जरा जमायला लागलं.

आणि सांभाळणाऱ्याचं काय? ट्रॉमा झालेल्या माणसाबरोबर राहून, त्याचं ऐकून, जवळच्या माणसालाही तशीच लक्षणं येऊ शकतात, चार्ल्स फिग्ली यांनी यावर १९९५ च्या सुमारास बरंच लिहिलं, सेकंडरी ट्रॉमॅटिक स्ट्रेस म्हणतात त्याला. मी काही आजारी होते असं म्हणत नाही. पण आता तो हायवेला गाडी चालवतो आणि मी शेजारी बसते तेव्हा पुढचा ट्रक जवळ आला की माझा पाय जमिनीवर दाबला जातो, पोटऱ्या दुखतात इतका, आणि घरी आल्यावर मला झोप लागत नाही. अपघातात मी नव्हते. मी फक्त चार वर्षं त्याच्या वाटची भीती आधीच ओळखून बाजूला करत आले, ती सवय थेरपीने त्याची सोडवली, माझी नाही. दुष्टचक्र असं आहे की घटनेनंतर ज्यांना माणसांचा आधार मिळतो त्यांना पीटीएसडी होण्याचा धोका कमी, हे कितीतरी अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय, आणि हा आजार नेमका त्या आधारालाच थकवून टाकतो. मग तो आधार उभा राहावा म्हणून उपचारात अर्धा तास काढणं जास्त होतं का?

आम्हाला तो अर्धा तास शेवटी मिळाला. दहाव्या सेशनला नवऱ्यानेच सांगितलं की माझ्या बायकोला आत घ्या. थेरपिस्ट तरुण मुलगी होती, तिने एक कोरा कागद घेतला, त्यावर एक वक्र रेषा काढली आणि म्हणाली भीती अशी वर जाते आणि थांबलं की अशी खाली येते, तुम्ही आत्तापर्यंत ती वर जायच्या आत त्यांना बाहेर काढत होता. मग म्हणाली, ते ऐकून बाहेर आले की काय ऐकलं विचारू नका, शेजारी बसू की एकटं राहायचंय एवढंच विचारा. आतल्या रस्त्याने जाणं बंद करा पण एकदम सगळं बंद करू नका, दोघं बसून ठरवा या आठवड्यात काय सोडायचं. ते चिडले तर तुम्ही उठून जाऊ शकता. आणि तुम्ही स्वतः कुणाशी बोलता का? मी म्हटलं नाही. तिने दुसऱ्या एका थेरपिस्टचं नाव लिहून दिलं.

त्या संध्याकाळी तो खोलीतून बाहेर आला, बेसिनपाशी गेला, टॉवेल चेहऱ्यावर धरला. मी विचारलं, बसू का शेजारी? टॉवेलच्या आतूनच त्याने मान हलवली.